जळला तरी चालेल असा पहिला प्रकल्प

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मुलुंडमधले ओळखीचे पालक मला हमखास विचारतात, “मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागावी म्हणून कोणता किट घेऊ?” सर्किट तयार करणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे मी एखादं महागडं नाव सुचवीन अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगतो, किट घेऊ नका. आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि सोबत इतके स्वस्त सुटे भाग घ्या, की एखादा जळला तर घरात कुणाच्या कपाळावर आठी पडणार नाही.

हा आग्रह नुसता पैसे वाचवण्यासाठी नाही. हजारो रुपयांचा रोबो किट हातात पडलेलं मूल पुस्तिकेतली जोडणी जशीच्या तशी करतं आणि पुढे काही बदलायला धजत नाही. दोन-चार रुपयांचा ट्रान्झिस्टर उलटा लावून बघायला मात्र कुणी कचरत नाही. विद्यार्थ्यांना परवडण्याची ही गरज आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्याही मुळाशी आहे. इटलीतल्या इव्रियाच्या डिझाइन संस्थेत 2005 मध्ये तो तयार झाला, आणि त्याची रचना सगळ्यांना खुली ठेवली म्हणूनच आज आपल्याकडे त्याच्या प्रतिकृती काही शे रुपयांत मिळतात.

तरीही सुरुवात आर्डुइनोपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात घरातल्या अडचणीपासून करावी. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा जिथे शुद्ध होतो ते भांडुप संकुल मुलुंडला अगदी लागून; पण आपल्या नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं. पिंपाला नळी लावायची, दुसऱ्या कामाला लागायचं आणि पाणी ओसंडून मोरीत वाहून गेल्यावर धावायचं, हे घरोघरी चालतं. तेव्हा पिंप भरलं की वाजणारा बझर बनवा.

त्याला लागतं काय? बीसी 547 हा ट्रान्झिस्टर, 1 किलोओहमचा रेझिस्टर, छोटा बझर, 9 व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड आणि थोडी वायर. मल्टिमीटर वगळला तर खर्च दोनशेच्या आत बसावा. बॅटरीच्या धन टोकाकडून एक तार पिंपाच्या काठाजवळ सोडायची. दुसरी तार रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडायची. पाणी दोन्ही तारांना टेकलं की त्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो. ट्रान्झिस्टर त्याच्या शेकडो पट प्रवाह बझरमधून जाऊ देतो आणि बझर वाजतो.

खरं शिक्षण बझर वाजल्यावर सुरू होतं. तारा आधी नळाच्या पाण्यात, मग आरओच्या पाण्यात, मग चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात बुडवा आणि प्रत्येक वेळी प्रवाह मोजा. आरओ क्षार काढून टाकतो म्हणजे काय करतो, हे मीटरचा आकडा दाखवतो. काही आठवड्यांनी धन बाजूची तांब्याची तार हिरवट-काळी पडून झिजलेली दिसेल, कारण एकाच दिशेच्या प्रवाहामुळे तांबं पाण्यात उतरत असतं. म्हणून हा प्रयोग वापरायच्या पाण्याच्या पिंपातच करावा, पिण्याच्या नव्हे.

तार झिजू नये म्हणून काय करावं, असं मूल विचारतं तेव्हा आर्डुइनोची वेळ झालेली असते. तारांना सतत वीज देण्याऐवजी दर अर्ध्या मिनिटाने क्षणभरच द्यायची, तेवढ्यात पाणी टेकलंय का पाहायचं आणि पुन्हा बंद करायची. एवढ्यासाठी दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो, आणि तो कशासाठी लिहितोय हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आर्डुइनोचा ‘ऊनो’ हा बोर्ड घेताना लांबट चिप सॉकेटमध्ये बसवलेला बोर्ड मागा. चिप जळली तर तेवढीच काढून बदलता येते. स्वस्त प्रतिकृतींवर बहुधा सीएच 340 ही यूएसबी चिप असते. संगणकाने बोर्ड ओळखला नाही तर तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो. अनेक मुलं बोर्ड बिघडला समजून इथेच थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

शिकवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये आर्डुइनोचे धडे मोफत आहेत. हाताने करत शिकण्याचा पाया डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढून घातला. त्याआधी ते मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात होते. गावातली खरी अडचण हाच तिथला अभ्यासक्रम. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तयार विकत आणणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एकदा पाबळला जाऊन यावं.

एक बंधन मात्र कडक पाळा: घरातल्या 230 व्होल्टच्या विजेला नवशिक्याने हात लावायचा नाही. बॅटरी किंवा मोबाइलचा 5 व्होल्टचा चार्जर पुरेसा आहे. पंप आपोआप बंद करण्याचा मोह होईल; ते काम जाणकार सोबत असतानाच करावं.

खरेदीसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग गाठा. मुलांना बरोबर न्या आणि यादी त्यांनाच वाचू द्या. ट्रान्झिस्टर एक नको, दहा घ्या. शनिवारी जा, रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.