पांडवकड्याचे रात्रीचे पाहुणे

मुंबईहून वाशीचा पूल ओलांडून खारघरला यावे, तर एका अंगाला सिडकोच्या उंच इमारती आणि दुसऱ्या अंगाला पांडवकड्याचा डोंगर. या दोहोंच्या शिवेवर पावसाळी रात्री दिव्यांभोवती पतंगांची जत्रा भरते. कुणी सुकल्या पानासारखा, कुणी झाडाच्या सालीसारखा, तर कुणी हिरवागार मखमली!

भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे दीड हजार; पतंगांच्या मात्र दहा हजारांहून अधिक. त्यांत सह्याद्रीच्या रानातला ॲटलास म्हणजे राजाच. पंखांचा पसारा चांगला वीतभर आणि टोकांना जणू नागाचे तोंड! पण या राजाला खायला तोंडच नसते. सुरवंट असताना साठवलेल्या शिदोरीवर आठवडा-दोन आठवडे जगायचे, जोडीदार शोधायचा आणि संपायचे.

यांचा उपयोग काय, असे कुणी विचारील. रात्री उमलणाऱ्या कितीतरी फुलांचे पराग पतंग वाहतात. त्यांच्या सुरवंटांवर पक्ष्यांची पिले पोसतात. आपले टसर रेशीमही पतंगाच्याच कोशाचे.

कवींनी पतंगाला दिव्याचा प्रियकर ठरवले. शास्त्रज्ञांनी २०२४ साली निराळेच सांगितले. उडताना हे कीटक उजेडाकडे पाठ ठेवतात. त्यांच्या लेखी उजेड म्हणजे आकाश. जवळ दिवा असला, की वर कुठे नि खाली कुठे हेच कळेनासे होते आणि बिचारे घिरट्या घालीत राहतात. एवढ्याशा आयुष्यातली एक रात्र अशी वाया जाणे केवढे महाग!

तेव्हा दिवाळीची पणती अवश्य लावा; निजताना गच्चीवरचा मोठा दिवा तेवढा मालवा. डोंगरावरच्या पाहुण्यांना त्यांचे आकाश परत मिळेल.