शेऱ्याचा रकाना

श्टुटगार्टला आले त्याच्या तिसऱ्या हिवाळ्यात मी कुर्रेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी शिकायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सहा-सात जण चर्चच्या एका छोट्या सभागृहात जमतो, लॅपटॉपवर जुन्या कागदांची छायाचित्रं उघडतो आणि ओळ न् ओळ वाचून तक्त्यात भरतो. कागद आहेत व्युर्टेंबेर्ग राज्य सोडून परदेशी गेलेल्या लोकांच्या अर्जांचे. मूळ दप्तर लुडविग्सबुर्गच्या शासकीय अभिलेखागारात आहे. प्रत्येक ओबरआम्टचं, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या विभागाचं, वेगळं. गटात सगळे जर्मन, मी एकटी मराठी. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, तुमच्या घरातलं कोणी इथून गेलं होतं का? म्हटलं, नाही, पण मला मोडी वाचता येते.

आजोबांच्या ट्रंकेतले कागद लागावेत म्हणून मी पुण्यात मोडीचा वर्ग केला होता. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घही त्यानेच लावायचं. कुर्रेंटही धावत्या हाताची लिपी. तिच्या नावातच धावणं आहे. 'ई' आणि 'एन' ही अक्षरं इतकी सारखी, की शब्दाच्या मध्यभागी नुसत्या टोकदार काठ्या रांगेने उभ्या दिसतात. 'यू'च्या डोक्यावर एक छोटी कोर काढतात, ती 'एन'पासून वेगळा कळावा म्हणून. १९४१ साली सरकारी हुकमाने ही लिपी शाळांतून गेली आणि आज सत्तरीतल्या जर्मन माणसालाही स्वतःच्या पणजीचं पत्र बहुधा वाचता येत नाही. मोडीचं आपल्याकडे जे झालं ते माहीत असल्यामुळे मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

गटाचा नियम एकच: दिसेल तसं लिहायचं. कारकुनाने एकच आडनाव एका पानावर दोन तऱ्हांनी लिहिलं असेल, तर दोन्ही तशीच उतरवायची. अंदाज चालत नाही. आठाचा आकडा आणि पुढे 'बेर' असं दिसलं की नवखा माणूस ऑगस्ट लिहून मोकळा होतो. तो ऑक्टोबर असतो, कारण लॅटिनमध्ये ऑक्टो म्हणजे आठ. प्रत्येक पान दोघं जण स्वतंत्रपणे वाचतात. दोघांचं जुळलं नाही तर ते आमच्या गटातल्या आजींकडे जातं. आजी निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी स्वतःच्या आजीची पत्रं वाचता वाचता त्या ही लिपी शिकल्या.

अर्ज वाचायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, नावं आणि तारखा यांपलीकडे काही हाती लागणार नाही. पण एकेका अर्जात अख्खं घर असतं. १८१९ च्या राज्यघटनेने व्युर्टेंबेर्गच्या प्रजेला देश सोडण्याची मुभा दिली होती, पण कर्ज फेडून, आणि मागे राहिलेल्या देण्याघेण्याची वर्षभराची हमी देऊन. त्यामुळे जामीन राहणाऱ्या मेव्हण्याचं किंवा शेजाऱ्याचं नावही कागदावर येतं. घरात माणसं किती, मुलांच्या जन्मतारखा, धंदा काय, जाणार कुठे, बरोबर गुल्डन किती नेणार, सगळं नोंदलेलं. विणकर, द्राक्षमळेवाले, मोलमजूर. या भागात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटण्याची रीत होती. दोन-तीन पिढ्यांत वावराच्या चिंध्या होत. वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेली शेती मी आजोळी पाहिलेली आहे, त्यामुळे त्या अर्जांतली 'एवढ्यावर भागत नाही' ही तक्रार मला परकी वाटली नाही.

वर्षं बघितली की दुष्काळ ओळखू येतात. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. पीक बुडालं, धान्य महागलं, आणि १८१७ च्या वसंतात माणसं रशिया आणि अमेरिकेच्या वाटेला लागली. ती का चालली हे विचारायला सरकारने फ्रीडरिश लिस्ट या तरुण अधिकाऱ्याला पाठवलं. पुढे हाच लिस्ट अर्थतज्ज्ञ म्हणून नावाजला. हाइलब्रोन आणि वाइन्सबेर्गला त्याने निघालेल्या लोकांना समोर बसवून त्यांचे जबाब लिहून घेतले. सरकारने जाणाऱ्याला 'का' असं विचारावं आणि त्याचं उत्तर टिपून ठेवावं, याचं मला फार मोल वाटतं. पुढची मोठी लाट १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडल्यानंतरची. १८५४ या एकाच वर्षात दोन लाखांहून जास्त जर्मन अमेरिकेत उतरले.

माझी चूक त्याच वर्षाच्या एका अर्जात झाली.

अर्ज एका अविवाहित मोलकरणीचा. मुलं दोन, मुलगा सात वर्षांचा, मुलगी अकरा महिन्यांची. मालमत्तेच्या रकान्यात निरंक. सोबत गावपंचायतीचा ठराव जोडलेला: हिच्या प्रवासाचा खर्च गावाने करावा, कारण तिघांना वर्षानुवर्षं गावाच्या पैशावर पोसण्यापेक्षा तिकीट स्वस्त पडेल. असं बऱ्याच गावांनी केलं होतं. मी ते पान भरलं आणि पुढे गेले. दुसऱ्या वाचकानेही माझ्यासारखंच आडनाव लावलं होतं, त्यामुळे पान आजींपर्यंत गेलंच नाही.

चार वर्षांनी अमेरिकेतून एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या घरच्या जुन्या बायबलच्या आतल्या पानावर एका आईचं आणि दोन मुलांचं नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि 'व्युर्टेंबेर्ग' एवढंच होतं. गावाचं नाव नाही. त्यांनी आमच्या सूचीत आडनाव कितीदा तरी शोधलं होतं. आजींनी आडनाव बाजूला ठेवलं आणि मुलांच्या जन्मतारखा घालून शोधलं. माझं पान उघडलं.

"तुम्ही आर वाचलाय," त्या म्हणाल्या. "हा के आहे."

मला तो अजूनही आरच दिसत होता. कुर्रेंटमधले मोठे 'के' आणि 'आर' सख्ख्या भावांसारखे असतात. आजी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्याच कारकुनाच्या हातचे, त्याच पानावरचे दोन शब्द शोधले. एक 'रायझे', म्हणजे प्रवास. दुसरा 'किंडर', म्हणजे मुलं. तिन्ही अक्षरांचे तुकडे कापून पडद्यावर एकाखाली एक लावले. 'रायझे'तल्या आरचा शेवटचा पाय सरळ ओळीवर टेकत होता. 'किंडर'मधल्या केचा पाय टेकता टेकता आत वळून बारीक गाठ घेत होता. आडनावातही तीच गाठ होती. बाजरीच्या दाण्याएवढी. ती मी पाहिली नव्हती, आणि तेवढ्यासाठी एक बाई दोन लेकरांसह सूचीतून नाहीशी झाली होती.

त्या रात्री मी घरी येऊन माझी जुनी पानं पुन्हा काढली. केव्हा थांबले आठवत नाही. आणखी दोन ठिकाणी शंका आली, ती दोन्ही पानं आजींकडे पाठवली. तेव्हापासून मी संशयाच्या प्रत्येक अक्षरासाठी त्याच पानावरचा ओळखीचा शब्द आधी शोधते. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

आडनाव दुरुस्त करायला तो अर्ज पुन्हा उघडला, तेव्हा शेवटच्या पानाकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. सहीच्या जागी तीन फुल्या होत्या. बाजूला कारकुनाने, ही अर्जदारणीची निशाणी, असं लिहिलेलं. पहिली फुली ठाशीव, दुसरी तिरकी, तिसरीत शाई संपत आलेली.

मला त्र्यंबकेश्वर आठवलं. तिथे आमच्या उपाध्यायांनी एकदा लाल कापडात बांधलेलं घराण्यांच्या नोंदींचं बाड सोडून माझ्या पणजोबांची सही दाखवली होती. मोडीतली, घाईत केलेली. मी तिच्यावर बोट टेकवलं तेव्हा वडील म्हणाले, हात लावू नको, पुसेल. मग त्यांनी स्वतःच हळूच बोट टेकवलं.

आमच्या तक्त्यात नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, धंदा, मालमत्ता, गंतव्य असे रकाने आहेत. सहीचा रकाना नाही. मी 'आर' खोडून 'के' केला. मग सगळ्यात शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात गेले. तो बहुतेक रिकामाच राहतो. तिथे लिहिलं: 'सहीऐवजी तीन फुल्या. स्वतःच्या हातच्या.' आणि त्या पानाचं छायाचित्र अमेरिकेला पाठवून दिलं.