खारूनचा पूल खालून पाहा

रायपूरहून दुर्गला जाताना कुम्हारीजवळ खारून नदी लागते. गाडीतून पूल कळत नाही, काठावरून पाहा. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तशीच तपासणारे दगडी पुलावर हातोडी मारतात. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं, तर मुळं आत शिरलीच समजा. लोखंड गंजून फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडतं. हे निदान डोळ्यांना दिसतं! पायाखालची माती मात्र पूर गुपचूप उकरून नेतो. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला.