स्पितीचा लांबचा रस्ता

स्पितीला जायचं तर मनालीचा जवळचा रस्ता सोडून शिमला-किन्नौरचा लांबचा धरावा, असं मला ठामपणे वाटतं. पहिलं कारण शरीराचं. शिमला सुमारे 2,200 मीटरवर, स्पितीतलं ताबो जवळपास 3,300वर, काझा 3,600च्याही वर. चढ टप्प्याटप्प्याने येतो. मनालीहून मात्र एका दिवसात साडेचार हजार मीटरचा कुंझुम घाट ओलांडावा लागतो, आणि विरळ हवा अंगवळणी पडायला काही दिवस जावेच लागतात. दुसरं कारण नजरेचं. थांबत गेलं की उमगतं, या कोरड्याठाक डोंगरात हिरवा तुकडा दिसला की वितळत्या बर्फाचं पाणी आणणारा पाट जवळपास असतोच. जव आणि वाटाणा त्यावरच पिकतो. ताबोचा 996 सालचा मठ मातीचा आहे. त्या भिंती हजार वर्षं उभ्या आहेत, यात इथल्या तुटपुंज्या पावसाचा मोठा वाटा आहे.

सुट्ट्या मोजक्याच मिळतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय गाडी पळवण्याचा नाही, यादीतली ठिकाणं कमी करण्याचा आहे. शिवाय मुक्काम करणाऱ्याचे पैसे गावातल्या घरात आणि खानावळीत पोचतात. भरधाव जाणारी गाडी गावाला फक्त धूळ देते. ज्यांच्या दरीतून आपण जातो, त्यांच्यासाठी एवढा वेळ काढणं आपलं कर्तव्यच आहे.