हरळी, काजू आणि सात नंबरची काठी

गोल्फ म्हटलं की आमच्या चंदगडकडच्या माणसाला आधी बिबट्या आठवतो. ऑगस्ट २०२२मध्ये बेळगावात जाधवनगरच्या बाजूला बिबट्या दिसला आणि तो तिथल्या गोल्फच्या मैदानात शिरला. अडीचशे एकरांचं रान ते. पिंजरे लावले, ड्रोन उडवले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल कॅम्पातून हत्ती आणले, आसपासच्या वीसेक शाळा बंद ठेवल्या. बिबट्या काही हाती लागला नाही. बेळगाव आम्हाला तासाभराच्या वाटेवर. १९५६पर्यंत आमचा तालुका त्याच जिल्ह्यात होता; राज्यांची फेररचना झाली तेव्हा चंदगड तेवढा कोल्हापुराला जोडला आणि बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता यांसाठी आम्ही अजून तिकडंच धावतो. तरी एवढ्या आयुष्यात त्या मैदानात गोल्फ खेळणारा माणूस मी पाहिलेला नव्हता. आत काय चालतं ते बिबट्यालाच ठाऊक.

म्हणून नवी मुंबईत खारघरला लेकीकडं गेलो असताना जावई म्हणाले, "मामा, उद्या सकाळी गोल्फला येताय का?" तेव्हा मला वाटलं, बघायला नेतायत. पण लेक आतून म्हणाली, "पप्पा, कॉलरचा शर्ट घाला. आणि चपला नकोत, ह्यांचे बूट घाला." बघायला जाणाऱ्या माणसाच्या पायाची कोण एवढी चौकशी करतं? जावयाला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही, आणि काजूचा हंगामही लांब होता. निघालो.

वाटेत जावयांनी समजावलं. मुंबई-पुण्यात गोल्फ जुनं आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७चा, पुण्याचा येरवड्यातला क्लब त्याच्याही आधीचा. पण ते सभासदांचे. सभासद व्हायचं तर लाखांची भाषा, शिवाय ओळखपाळख आणि वाट बघणं. खारघरचं मैदान सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचं. २०१२मध्ये ते खुलं झालं, ऑस्ट्रेलियातल्या फिल रायन यांनी त्याचा आराखडा केला, आणि तिथं सभासद नसलेला माणूसही त्या दिवसाचे पैसे भरून खेळू शकतो. दिल्लीत तिथल्या विकास प्राधिकरणानं, डीडीएनं, कुतुबमिनारच्या बाजूला असंच मैदान केलंय. खिडकीवरचा दर ऐकून मी पाकीट परत खिशात घातलं नाही, एवढंच सांगतो.

पण पैसे भरले म्हणजे लगेच मैदानात सोडतात असं नाही. नवशिक्या आत गेला तर मागचे खोळंबतात, आणि चेंडू कुणाच्या टाळक्यात बसेल याचा नेम नाही. त्याला आधी ड्रायव्हिंग रेंजवर धाडतात. तिथं ओळीनं उभं राहायच्या जागा, पायाखाली चटई, शेजारी बादलीभर चेंडू आणि समोर मोकळी जमीन. सगळे एकाच दिशेला मारतात, चेंडू आणायला कुणी जात नाही. माझ्या हातात सात नंबरची लोखंडी काठी दिली. शिकवणारा पोरगा माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा असेल. त्यानं माझी बोटं एकेक करून काठीवर बसवली, उजवी करंगळी डाव्या बोटांत अडकवली आणि म्हणाला, "आता घट्ट नका धरू, काका."

हे मला पटेना. जन्मभर कुदळ धरली, कुऱ्हाड धरली. सैल धरली असती तर पायावर आली असती. मी दातओठ खाऊन मारलं. काठी वाऱ्यातून गेली, चेंडू जागच्या जागी. पुन्हा मारलं, चटईला धक्का बसला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. चेंडू पळत नाही, उसळत नाही, समोरून कुणी टाकत नाही. पायाशी गुमान बसलाय. असा चेंडू चुकतो कसा, हेच कळेना. पोरगा शांतपणे सांगत होता ते तर सगळंच उफराटं. चेंडू वर जायला हवा तर खाली मारा, उचलू नका. उचलायचं काम काठीच्या तिरप्या पात्याचं आहे. लांब जायला हवा तर जोर कमी करा. आणि कुठं गेला ते बघायचं असेल तर बघू नका. "डोकं वर नको, काका. चेंडू गेल्यावर बघा." गेला तर बघणार ना!

दम खायला थांबलो तेव्हा एक चेंडू हातात घेऊन निरखला. अंगभर खळगे. ते शोभेचे असतील असं मला वाटलं होतं, पण जावई म्हणाले, गुळगुळीत चेंडू याच्या निम्माही जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून चेंडू करायला लागले. नवे गुळगुळीत असताना ते मध्येच पडायचे, आणि मार खाऊन ओरखडे आलेले जुने चेंडू लांब जायचे. हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं, मग मुद्दाम खाचा पाडायला सुरुवात झाली. खळग्यांमुळं हवा चेंडूच्या पाठीला अधिक चिकटून वाहते, मागं ओढणारा जोर कमी होतो. मार खाल्लेला माल चांगला निघतो हे मला एकदम पटलं. त्या सकाळी विनातक्रार पटलेली ही पहिली गोष्ट.

बादली तळाला आली तेव्हा एक फटका बसला. कसा ते विचारू नका. हाताला काही कळलंच नाही, धक्का नाही, झिणझिणी नाही, नुसता टक् असा आवाज आला, आणि पोरगा म्हणाला, "आता बघा." चेंडू डोंगराच्या अंगानं चढत होता. पुढच्याच फटक्याला मी पुन्हा चटई बडवली. जावई हसून म्हणाले, "मामा, त्या एका फटक्यासाठी लोक वर्षानुवर्षं येतात."

रेंजच्या शेजारी पटिंगची, म्हणजे चेंडू भोकात ढकलायच्या सरावाची, हिरवळ होती. खाली बसून तिच्यावर हात फिरवला. असं गवत कापायचं म्हणजे तीन-चार मिलिमीटरांचा हिशेब, तेही जवळजवळ रोज. उष्ण प्रदेशातल्या गोल्फच्या हिरवळी बहुतेक बर्म्युडा गवताच्या संकरित जातींच्या असतात, आणि बर्म्युडा म्हणजे दुसरं काही नाही, आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच. माझ्या बापानं बांधावरची हरळी खणता खणता कंबर मोडून घेतली. एक कांडी राहिली की पावसाळ्यात पुन्हा वाफाभर. इथं तिला खत, पाणी, औषध, आणि वर चालणाऱ्यानं बुटांचे ओरखडे काढायचे नाहीत. भोकाची जागासुद्धा अधूनमधून बदलतात. लोकांनी सारखं एकाच जागी उभं राहून गवत मरू नये म्हणून. भोकाची रुंदी मात्र जगात कुठंही गेलात तरी सव्वाचार इंच. हरळीचे एवढे लाड बघून बापाला काय वाटलं असतं याचा विचार मी फार वेळ केला नाही.

जावयांची खेळायची पाळी आली तेव्हा बरोबर चालायची मुभा मला मिळाली. अट एक, फटका मारताना बोलायचं नाही, हलायचंही नाही. चंदगडच्या माणसाला गप्प बसवणं ही शिक्षाच. तीन बाजूंना डोंगर, पांडवकड्याच्या बाजूची हिरवी उतरण, मागं वळून बघितलं तर खारघरचे टॉवर. खेळणारे चौघं, सामान उचलणारे कॅडी. कुणी पंच दिसेना. शिट्टी नाही, झेंडा वर करणारा नाही. आपले फटके आपणच मोजायचे, आपणच कार्डावर लिहायचे. आणि ज्याचे कमी तो पुढं. भोकाला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, तीन कमी म्हणजे अल्बट्रॉस. मारणं कमी होईल तसं पाखरू मोठं. जावयांच्या वाट्याला त्या दिवशी चिमणीही आली नाही.

त्यांच्या ऑफिसातले एक साहेब फार चांगलं खेळत होते. मी कॅडीला हळूच विचारलं, मग आमचे जावई आणि हे एकमेकांशी कसे खेळतात? त्यानं हँडिकॅप सांगितला. ज्याचा खेळ कच्चा त्याला तेवढे फटके माफ. २०२०पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे, आणि अगदी कच्च्याला ५४पर्यंत मिळतात, म्हणजे अठरा भोकांना प्रत्येकी तीन. आमच्या कोल्हापुरी तालमीत बरोबरीचा जोड बघून कुस्ती लावतात. इथं बिनबरोबरीचेही एकमेकांसमोर उभे राहतात, आणि कच्चा गडी पक्क्याला हरवून जातो. हे ऐकल्यापासून श्रीमंतांचा खेळ म्हणून मनात जी अढी होती ती जरा सैल झाली. खेळ तसा नाही. म्हातारा खेळू शकतो, एकटा खेळू शकतो. १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकलेले अली शेर आधी कॅडी होते, आणि गोल्फपटू एस. एस. पी. चौरसियांचे वडील कोलकात्याच्या रॉयल क्लबात गवत राखायचे. श्रीमंती आहे ती जमिनीची. सव्वाचार इंचांच्या भोकासाठी शंभराच्या वर एकर कोण अडकवून ठेवणार?

एक तर सरकार, नाही तर गाव. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान, ज्याला या खेळाचं माहेर समजतात, ते मूळचं गायरानच. आजही ते सार्वजनिक आहे. ट्रस्ट सांभाळतो, चिठ्ठ्या काढून नंबर लागतात आणि रविवारी खेळ बंद ठेवून लोक तिथं फिरायला जातात. नवी मुंबईची जमीन मात्र गायरानाची नव्हती. ९५ गावांची जमीन सिडकोसाठी गेली. १९८४मध्ये जासईला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं मेली, मग साडेबारा टक्के जमीन परत द्यायची योजना पुढं सरकली. कॅडी इथल्याच गावचा. "आज्याची शेती कुठं होती?" म्हटल्यावर त्यानं टॉवरांकडं हात केला आणि विषय बदलला. मी स्वतः शेतकरी, मला हे गवत बघून पूर्ण आनंद होणं शक्य नाही. पण सरकारनं हीच जमीन विकली असती तर इथंही टॉवरच दिसले असते, आणि त्यातल्या कुठल्या मजल्यावर मला बूट घालून बोलावलं असतं?

पुढं साहेबांचा चेंडू उतारावरच्या झुडपात गेला. सगळे शोधायला लागले. नियमानं तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती, २०१९मध्ये कमी केली. एकानं घड्याळ लावलं. ती माणसं गवताकडं बघत होती, मी पाचोळ्याकडं. काजूच्या बागेत पडलेली बी वेचताना नजर पाचोळ्यावर सैल सोडायची असते. एका जागी रोखली की काही दिसत नाही, सैल सोडली की जे पाचोळ्यासारखं नाही ते आपोआप वर येतं. काठीनं पानं सारली, चेंडू मिळाला. "हा नाही माझा," साहेब म्हणाले, "माझ्यावर निळा ठिपका आहे." दोन पावलांवर निळ्या ठिपक्याचा मिळाला. त्याच्या पलीकडं आणखी एक, चिखलात अर्धा बुडालेला. त्यानंतर कुणाचाही चेंडू वाकडा गेला की खेळणारे डोंगराकडं न बघता माझ्याकडं बघायला लागले.

शेवटी कार्डांची बेरीज झाली. साहेबांनी एका भोकाला सहा लिहिले होते. कॅडी काही बोलला नाही, मीही नाही. त्यांनीच जरा विचार केला, "झुडपातला एक राहिला," म्हणाले आणि सहाचे सात केले. त्या एका फटक्यानं ते जावयांकडून हरले, माफीचे फटके धरून. चहा त्यांच्याकडून झाला.

कॅडी मात्र माझ्याभोवती घुटमळत होता. झुडपातून निघालेले बिनधन्याचे चेंडू त्यानं पिशवीत घेतले होते, धुऊन पुसून ते निम्म्या किमतीला जातात म्हणे. "काका, गावाला कधी जाताय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, अजून काही दिवस आहे. "मग रोज सकाळी या की. तुम्ही शोधा, मी विकतो. निम्मे-निम्मे."