उद्या घरच्यांना घेऊन ये

छडी कायद्याने गेली. अंगठे धरून उभं करणंही बऱ्यापैकी मागे पडलं. पण एक शिक्षा आमच्या शाळांमधून अजून हललेली नाही : ‘उद्या घरच्यांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसायचं नाही.’ हे ऐकलं की पोराचं तोंड उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी आलेल्या त्याच्या बापाचंही. बाप शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीची पाळी बुडवून आलेला असतो. चप्पल बाहेर काढून आत येतो, मुलांच्या बाकावर कसाबसा बसतो, आणि बाई किंवा सर टेबलामागच्या खुर्चीतून बोलायला लागतात. पाच मिनिटांत तो म्हणतो, ‘गुरुजी, हाणा की त्याला, माझी काय हरकत न्हाई.’ भेट संपली. कुणाला काही नवीन कळलं नाही, आणि संध्याकाळी घरी पोराला मार बसतो.

मी आधी शिक्षक आणि नंतर प्रशिक्षक म्हणून काम केलं. प्रशिक्षणात ‘संवादकौशल्य’ नावाचा एक तास असतोच. हसून बोला, ऐकून घ्या, आवाज चढवू नका. चुकीचं त्यात काही नाही. मीही हेच सांगत आले. पण भेटीची खरी गोम बोलण्याच्या पद्धतीत नसते. पालकाला निरोप धाडण्याआधीच आपला निकाल तयार असतो, आणि बोलावणं असतं ते फक्त तो ऐकवण्यासाठी. अशी भेट कितीही गोड आवाजात झाली तरी ती हजेरीच.

आमच्या कोल्हापूर भागात या हजेरीला इतिहास आहे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात रुपया ही मोठी रक्कम, आणि दंडाची गरजही खरी. पोरगं गुरांमागे आणि पोरगी धाकट्या भावंडांपाशी अडकलेली असताना नुसत्या विनवणीने कोण ऐकणार होतं? दोनच वर्षांनी महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून सगळी मुलं एका वर्गात बसवायला लावली. या निर्णयांवर आजचं कोल्हापूर उभं आहे. पण पालकाने सरकारला जाब द्यायचा, ही त्या वेळची गरज होती. शाळेत मूल पाठवणं अंगवळणी पडल्यावरही आपण ती भूमिका सोडली नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हे उलटं केलं. त्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं यांच्याच रांगेत आणखी एक कर्तव्य आहे : पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं. म्हणजे आता सांगायचं शिक्षकाने आणि ऐकण्याचा हक्क पालकाचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, हेही याच कायद्यात. समित्या कागदावर सगळीकडे आहेत. बैठकीचं इतिवृत्त आधी लिहून मग घरोघर सह्या गोळा करणारेही आहेत. ते वाचतील, म्हणून इथे एवढंच.

पालकाला सांगायचं म्हणजे आधी आपल्याला माहीत हवं. आणि इथेच आपली झोळी रिकामी असते. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवणं आलं. कल्पना उत्तम. थोड्याच दिवसांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग मोबाइलवर पीडीएफ. परिणाम असा, की अख्खा वर्ग ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ आणि शेवटच्या बाकावरची चार मुलं ‘अधिक सरावाची गरज आहे’. प्रगतिपत्रक हातात घेऊन आई विचारते, ‘सरावाची म्हंजे कशाच्या, बाई?’ तिला देण्यासारखं उत्तर त्या पुस्तिकेत नसतं.

याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. त्याआधी त्यांचं आयुष्य शिक्षक घडवण्यात गेलं होतं. कादंबरीकार ना. सी. फडक्यांची मुलगी ही ओळख लोक सांगतात, पण मराठीत शिक्षणावर लिहिणाऱ्यांमध्ये त्यांचं स्थान स्वतःच्या बळावरचं आहे. २०२० साली त्या गेल्या. त्यांची पुस्तकं वाचताना मला भावतं ते शिक्षकाचं मुलाकडे पाहणं : मूल काय म्हणालं, काय लिहिलं, कशापाशी अडलं. असं पाहिलेलं ज्याच्या वहीत आहे त्याला पालकाशी काय बोलायचं हा प्रश्न पडत नाही. ज्याच्याकडे नाही तो स्वभावावर बोलतो : आळशी आहे, लक्ष नाही, घरचं वळण नाही.

एक उदाहरण देते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर नेहमी येणारा मजकूर : ‘आपला पाल्य अभ्यासात दुर्लक्ष करतो, तरी पालकांनी लक्ष द्यावे.’ हा वाचून पालकाने नेमकं काय करावं? आता हा पाहा : ‘या आठवड्यात सोमवारी आणि बुधवारी गणिताची वही आणली नव्हती. फळ्यावर भागाकार बरोबर करतो, वहीत मात्र अर्ध्यावर सोडतो. घरी अभ्यासाला कुठं आणि कधी बसतो, हे कळलं तर मला मदत होईल.’ यात दोष कुणालाच दिलेला नाही, आणि शेवटी एक खरा प्रश्न आहे. आता पालक बोलेल. कदाचित म्हणेल, आम्ही हुपरीत चांदीचं काम घरीच करतो, जागा एकच खोली. हे कळल्यावर शिक्षकाचा पुढचा निर्णय बदलतो. आणि हा मजकूर गटावर टाकायचा नाही, त्या पालकालाच पाठवायचा. गट सुट्टीची, सहलीची, पुराची सूचना देण्यासाठी. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात अशा गटांचं मोल सगळ्यांनी पाहिलं. एका मुलाची उणीव चाळीस घरांना कळवणं मात्र चारचौघांत कान धरण्यासारखंच.

ज्या आईला वाचता येत नाही तिला बोललेला निरोप पाठवावा, किंवा सकाळी दूध संस्थेच्या दाराशी ती हमखास भेटते तिथे गाठावं. तिथेही तक्रार काढू नये. चार लोक असतात. भेटायची वेळ तेवढी ठरवावी.

आणखी एक गोष्ट मला सारखी खटकते. डॉक्टर पालक आले की ‘आपण’, ‘बसा ना’, आणि ऊसतोड करणारी आई आली की ‘काय गं, एवढे दिवस पोरगी का नाही आली?’ कोल्हापूरची भाषा रांगडी, तिच्यात माया असते, हे मी जाणते. पण माया असेल तर ती डॉक्टरांशीही तशीच बोलून दाखवावी. बीडहून ऊसतोडीला आलेली ती बाई अर्ध्या रात्री उठून फडात गेलेली असते. तिला ‘अहो, बसा’ म्हणायला कुठल्या प्रशिक्षणाची गरज नाही.

आता शिक्षककक्षाकडे वळते, कारण पालकाशी होणारं बोलणं तिथेच शिजतं. जूनमध्ये नवा वर्ग हाती येतो आणि आधीचे सर चहा पिता पिता सांगतात, ‘तो तिसऱ्या बाकावरचा म्हणजे डोक्याला ताप, घरचेही तसलेच.’ झालं. नव्या बाईंनी पोराचं तोंड पाहण्याआधी त्याची फाइल बंद. सहकाऱ्याला सांगायचं असेल तर उपयोगाचं सांगावं : त्याला डावीकडून ऐकू कमी येतं, पुढे बसवलंत तर शांत असतो, आजीशी बोला, वडील बाहेरगावी असतात. आणि पालक एखाद्या सहशिक्षकाची तक्रार घेऊन आले तर ‘हो हो, त्यांचं तसंच आहे’ म्हणून आपण चांगलं होऊ नये. ऐकून घ्यावं, लिहून घ्यावं, मुख्याध्यापकांकडे न्यावं. पटलं नाही तर सहकाऱ्याशी दार लावून भांडावं, पालकांसमोर नाही.

याला एकच अपवाद, आणि तो ठळक हवा. मुलाच्या अंगाला कुणी हात लावल्याची, लैंगिक छळाची शंका आली, तर सहकाऱ्याची अब्रू, संस्थेचं नाव यातलं काहीही आड येऊ द्यायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘आपापसात मिटवू’ हे वाक्य उच्चारणारा मुख्याध्यापक कायदा मोडतो.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि वेळ कुठून आणायचा हा शिक्षकांचा सवाल खोटा नाही. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब यातून जीव मेटाकुटीला येतो. इचलकरंजीत यंत्रमागाच्या पाळीवर असलेला बाप सकाळी अकराच्या सभेला येणार नाही, हेही तितकंच खरं. म्हणून माझं मागणं शिक्षकांपेक्षा मुख्याध्यापकांकडे आणि केंद्रप्रमुखांकडे आहे. दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लावाल तेव्हा प्रत्येक वर्गशिक्षकाला आठवड्यातला एक तास पालकभेटीसाठी मोकळा द्या, तो पालकांच्या पाळीप्रमाणे पुढेमागे करू द्या, आणि त्या तासात दुसरं कुठलंही काम सांगू नका. आणि शिक्षकहो, त्या तासातला पहिला फोन अशा मुलाच्या घरी करा, ज्याच्याबद्दल तुमची काहीही तक्रार नाही.