पुसलेली फाइल

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स प्रणाली चढवली, की त्यातल्या मोजक्या मेगाबाइटचे दोन भाग पडतात. मूळ प्रणाली स्क्वॉशएफएसमध्ये घट्ट दाबून बसवलेली, फक्त वाचण्यापुरती. उरलेली जागा लिहिण्यासाठी. ओव्हरलेएफएस दोन्ही थर एकावर एक ठेवतं आणि आपल्याला एकच डिरेक्टरी दिसते.

जागा पुरेना म्हणून मुळातलं एखादं पॅकेज काढून टाकावं, तर जागा सुटत नाहीच, उलट थोडी खर्च होते. खालच्या थराला कुणी हात लावू शकत नाही. ‘ही फाइल आता नाही’ एवढी नोंद वरच्या थरात पडते. वरचा थर वेगळा उघडून ‘एलएस -एल’ चालवा. पुसलेल्या फाइलच्या नावानं तिथे एक कॅरेक्टर डिव्हाइस बसलेलं असतं, आकाराच्या रकान्यात ‘०, ०’. नसलेपणाची अशी रोखठोक नोंद मला फार आवडते. सेटिंग कितीही बिघडू दे, ‘फर्स्टबूट’ चालवून वरचा थर कोरा केला आणि राउटर पुन्हा सुरू केला, की मूळ प्रणाली जशीच्या तशी हजर. शिकणाऱ्यानं बिनधास्त मोडतोड करावी, ती इथेच.

थर रचायची कल्पना जुनी. ४.४बीएसडीत युनियन माउंट होतं, मग स्टोनी ब्रूक विद्यापीठातलं युनियनएफएस आलं, त्यानंतर जुंजिरो ओकाजिमा यांचं एयूएफएस. लिनक्स कर्नलमध्ये जागा मिळाली ती मिक्लोश सेरेदी यांच्या ओव्हरलेएफएसला, डिसेंबर २०१४मध्ये, ३.१८ आवृत्तीत. अनेक थरांत लिहू देण्याचा मोह सेरेदींनी आवरला, याचं मला मोल वाटतं. लिहिता येणारा थर एकच, सगळ्यात वरचा. खालच्या फाइलमध्ये एक अक्षर बदलायचं, तरी आधी अख्खी फाइल वरच्या थरात कॉपी केली जाते. फाइल काही गिगाबाइटची असेल, तर पहिल्याच बदलाला ताटकळावं लागतं. कंटेनरही बहुधा ओव्हरलेएफएसवरच चालतात, म्हणून डेटाबेस मी त्यांच्या थरांत कधीच ठेवत नाही, थरांबाहेरच्या व्हॉल्यूमवर ठेवतो.

कंटेनरची इमेजही अशाच थरांची. ती बांधताना एका पायरीत पासवर्डाची फाइल आत घेतली आणि पुढच्या पायरीत पुसली, तर चालू कंटेनरमध्ये ती दिसत नाही. पण इमेज ज्याच्या हातात, तो खालचा थर सुटा करून ती आरामात वाचू शकतो. पायऱ्या एकत्र करून इमेज नव्यानं बांधता येते. जुनी मात्र कुणीकुणी उतरवून घेतली, ते कळायला मार्ग नसतो. अशी इमेज बाहेर गेली असेल, तर पुसापुशीत वेळ घालवू नका, आधी पासवर्ड बदला.